बधिर हात आणि झिजलेली पिन : कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत लहानमोठ्या शेकडो फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत. हे प्रकरण त्यांतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीचं, तिथल्या हत्यारांच्या कंपनाने बिघडलेल्या हातांचं आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि मालाचे काही तपशील बदलले आहेत, आकडे पूर्णांकात आणले आहेत. सल्ला देणाऱ्या गटात मी होतो.

माल ग्रे आयर्नचा, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचा. ट्रॅक्टरची हाउसिंग, पंपाची केसिंग, ब्रेक ड्रम. साच्यातून निघालेलं कास्टिंग शॉट ब्लास्टमधून, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्यांच्या माऱ्यातून, साफ होऊन आलं तरी ते लगेच गिऱ्हाइकाकडे जाण्याजोगं नसतं. रनर-रायझरचे, म्हणजे साच्यात लोखंड नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांचे, बुंधे राहिलेले असतात, साच्याच्या सांध्यावर पत्र्यासारखी फिन आलेली असते, आतल्या पोकळीत जळकी वाळू चिकटलेली असते. हे सगळं काढायचं काम फेटलिंगवाल्यांचं. त्यांची हत्यारं म्हणजे हवेवर चालणारा, छिन्नीला ठोके देणारा चिपिंग हॅमर, सात इंची ग्राइंडर आणि अवघड जागेसाठी पेन्सिल ग्राइंडर.

या फेटलिंग शॉपमधले निम्मे लोक आसपासच्या गावांतले, कंपनीच्या हजेरीवरचे. बाकीचे ठेकेदाराचे, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातले. कंपनीच्या लोकांना पगार आणि वर नगावर इन्सेंटिव्ह. ठेकेदाराच्या माणसांना सगळेच पैसे नगावर. पुढे जे घडलं त्यात या हिशोबाचा वाटा हत्यारांइतकाच मोठा होता.

समस्या कशी उघड झाली

जानेवारीतल्या एका पहिल्या पाळीत पंधराएक वर्षं फेटलिंग करणाऱ्या एका कामगाराच्या हातातून चालू ग्राइंडर सुटला. चाक फरशीवर आपटून फुटलं. गार्ड होता, बाजूला कोणी नव्हतं, इजा झाली नाही. अपघाताच्या वहीत कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा', आणि मेमो तयार झाला.

मेमो द्यायला गेलेल्या सुपरवायझरला तो म्हणाला, "सायेब, म्या सोडला न्हाई. हातात हाय का न्हाई, त्येच कळंना."

सुपरवायझर स्वतः फेटलिंगमधून वर आलेला. त्याने मेमो खिशात ठेवला आणि कामगार अधिकाऱ्याकडे गेला. इथे प्रकरणाला पहिलं वळण मिळालं. मेमो दिला असता तर वहीतली नोंद पूर्ण झाली असती आणि विषय तिथेच संपला असता.

चौकशीत कळलं ते असं. या माणसाला तीन-चार वर्षांपासून रात्री हाताला मुंग्या येत होत्या. हात झटकत उठून बसायचं आणि परत झोपायचं. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. थंडीत पहाटे पन्हाळ्याच्या बाजूने मोटरसायकलवर येताना डाव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडायची आणि कंपनीत आल्यावर भट्टीजवळ शेकली की लाल होऊन ठणकायची. गावच्या डॉक्टरांनी आधी बी-बाराची इंजेक्शनं दिली, मग मानेचा एक्सरे काढून 'मणक्यात गॅप आहे' असं सांगितलं. पट्टा बांधून तो कामावर येत राहिला. ही लक्षणं आणि हातातलं हत्यार यांचा संबंध कुणीच जोडला नव्हता, त्यानेही नाही.

यात डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. कंपनामुळे होणाऱ्या या विकाराचं पुस्तकातलं चित्र थंड देशांतलं आहे, पांढऱ्या बोटांचं. आपल्याकडे शॉपमध्ये बाराही महिने घाम निघतो, त्यामुळे रक्तवाहिन्या आखडून बोटं पांढरी पडण्याचा प्रकार फार तर डिसेंबर-जानेवारीत, तोही कंपनीबाहेर दिसतो. मज्जातंतूंचं नुकसान मात्र उकाड्यातही होतच असतं. मुंग्या, बधिरपणा, बारीक वस्तू बोटांत न राहणं ही त्याची लक्षणं. पांढरी बोटं शोधत बसणारा तपासनीस कोल्हापुरात अर्धा आजार पाहतच नाही.

बाकीच्यांचं काय?

एकाला त्रास आहे म्हटल्यावर इतरांना विचारणं आलं. पहिल्या वेळी कंपनीने छापील तक्ता काढला आणि सुपरवायझरने शॉपमध्येच सगळ्यांकडून भरून घेतला. सगळ्यांचं उत्तर 'काही त्रास नाही'. ठेकेदाराची माणसं तर प्रश्न पुरता ऐकून घ्यायच्या आधीच मान हलवत होती. हात खराब आहे म्हटलं की उद्यापासून गेट बंद, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या वेळी बाहेरचे डॉक्टर आले, तपासणी वेगळ्या खोलीत झाली. हिंदीत बोलणं झालं, आणि कुणाच्या हाताची काय अवस्था आहे हे ठेकेदाराला कळणार नाही असं कंपनीने लिहून दिलं. यावेळी निम्म्याहून जास्त लोकांनी मुंग्या किंवा बधिरपणा सांगितला. डॉक्टरांनी त्यांची वर्गवारी १९८७ च्या स्टॉकहोम मोजपट्टीवर केली. त्या मोजपट्टीत रक्तवाहिन्यांचे आणि मज्जातंतूंचे टप्पे वेगवेगळे धरतात. दोन्ही हातही स्वतंत्र पाहतात. मधुमेह, मानेचा त्रास, जीवनसत्त्वाची कमतरता ही कारणं वगळायला रक्त तपासलं, काहींची नर्व्ह कंडक्शन, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश कसा जातो ते पाहणारी, चाचणी केली. ग्राइंडर सुटलेल्या कामगाराला मनगटात मज्जातंतू दाबला जाण्याचा, म्हणजे कार्पल टनेलचाही त्रास निघाला.

एक गोष्ट लगेच नजरेत भरली. बहुतेकांचा डावा हात उजव्यापेक्षा वाईट होता, आणि हे सगळे उजवे. कारण शॉपमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. उजवा हात हॅमरच्या मुठीवर असतो, डावा थेट छिन्नीवर. छिन्नीचं टोक नेमक्या जागी बसवायला ती धरावीच लागते, आणि सगळ्यात जास्त हादरा तिथेच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरांनी १९१८ मध्ये दगड घडवणारे कामगार तपासले, तेव्हा त्यांनाही छिन्नी धरणारा डावा हातच जास्त बिघडलेला दिसला होता. वर हॅमरमधून सुटणारी थंडगार हवा इथे नेमकी त्याच हातावर येत होती.

मोजमाप

कंपन मोजायचं यंत्र सुरुवातीला नव्हतं. म्हणून थांबून राहायचं की हाती आहे त्यावर काम सुरू करायचं, हा पुढचा निर्णय. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

मोजायच्या गोष्टी दोन, हादरा किती आणि ट्रिगर किती वेळ दाबलेला. हादऱ्यासाठी ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने दिलेले नेहमीचे आकडे घेतले. फेटलिंगचा साधा चिपिंग हॅमर १८ मीटर प्रति सेकंद वर्ग, जुन्या पद्धतीचा ग्राइंडर ८. वेळेसाठी आयटीआयची शिकाऊ मुलं स्टॉपवॉच घेऊन बसवली. कामगारांना विचारलं तर म्हणत, 'आठ तास चालवतो'. उत्पादन विभाग म्हणे, 'दोन तासही नाही'. स्टॉपवॉचवर हॅमर दीड तास आणि ग्राइंडर तीन तास निघाला. उरलेला वेळ कास्टिंग उलटण्यात, क्रेनची वाट पाहण्यात, चाक बदलण्यात जात होता.

युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या सरासरीला २.५ वर कारवाई सुरू करायची आणि ५ च्या पुढे जाऊच द्यायचं नाही, अशा दोन पायऱ्या आहेत. हिशोब सोपा करायला ब्रिटनमध्ये पॉइंट वापरतात. कंपनाचा वर्ग करा, दोनाने गुणा, की तासाचे पॉइंट मिळतात. २.५ म्हणजे दिवसाला १०० पॉइंट, ५ म्हणजे ४००.

हॅमरचे तासाला ६४८ पॉइंट होतात. म्हणजे १०० ची पायरी साधारण नऊ मिनिटांत ओलांडली जाते आणि ४०० ची सदतीस मिनिटांत. दीड तासाचे ९७२, ग्राइंडरच्या तीन तासांचे ३८४, एकूण १३५६. सरासरी ९.२, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. मालकांना '९.२' ऐकून काही वाटलं नाही. 'पहिल्या चहाच्या आधीच दिवसाचा कोटा संपतो' म्हटल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय खरेदी विभागाने आधीच निवडून ठेवला होता : कंपनरोधक हातमोजे. तपासण्या चालू असतानाच त्यांची ऑर्डर गेली. आयएसओ १०८१९ चं प्रमाणपत्र असलेले चांगले मोजे होते, पण त्या चाचणीत उतरणारा मोजा मुख्यतः वरच्या वारंवारितेचं कंपन अडवतो. चिपिंग हॅमरचा ठोका सेकंदाला काही दहांच्या घरात असतो, आणि तो मोज्यातून जवळजवळ तसाच आत येतो. शिवाय जाड मोज्यात मूठ जास्त आवळावी लागते, आणि मूठ जितकी घट्ट तितका हादरा हातात जास्त जातो. मोजे ठेवले, कारण ऊब मिळते आणि धारदार फिन लागत नाही. पॉइंटच्या हिशोबात मात्र त्यांना शून्य धरलं.

दुसरा पर्याय, फेटलिंग बाहेर जॉबवर्कला देणं. कोल्हापुरात हे सर्रास चालतं आणि कागदावर सगळ्यात स्वस्त दिसतं. बैठकीत त्यावर बराच वेळ गेला. हात बदलतात, हादरा तोच राहतो. उलट पत्र्याच्या शेडमधल्या जॉबवर्करकडे हत्यारं आणखी जुनी असतात. मालकांनी तो नाकारला, पण खरं सांगायचं तर नैतिक कारणापेक्षा मालाच्या फिनिशिंगवरचा ताबा जाईल या भीतीने जास्त.

तिसरा, कामाची अदलाबदल. दोघांत हॅमर वाटला तर प्रत्येकाचे पॉइंट निम्मे. पण मग जास्त माणसं हादऱ्याखाली येतात, आणि नगावर पैसे असताना आपला हॅमर दुसऱ्याच्या हातात कोण देईल? चौथा, नवी हत्यारं. पाचवा, रोबो सेल, म्हणजे हे काम रोबोकडून करून घेणं. तीसेक प्रकारचा माल आणि लहान लॉट पाहता तो परवडणारा नव्हता.

सहावा पर्याय शिकाऊ मुलांच्या तक्त्यातून निघाला. त्यांनी वेळ नुसती माणसानुसार नव्हे, तर कास्टिंगनुसारही लिहिली होती. हॅमरच्या दीड तासांतला मोठा भाग एकाच ट्रॅक्टर हाउसिंगवर जात होता. मग ते हाउसिंग मुळात इतकं घाण का येतं, असा प्रश्न आला.

मोल्डिंगमध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागात, जाऊन पाहिलं. साच्याचे दोन बॉक्स एकमेकांवर बसवणाऱ्या पिना आणि बुश झिजलेले, त्यामुळे दोन्ही अर्धे थोडे सरकत आणि सांध्यावर जाड फिन येई. कास्टिंगची आतली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर ज्यात बनतो तो कोअर बॉक्सही झिजलेला, त्याने कोअरच्या टोकाशी आणखी फिन. आतल्या पोकळीत वाळू जळून बसत होती, कारण कोअरवर कोटिंग पातळ लागत होतं आणि शेवटचे साचे घाईत लवकर झाकले जात होते. यातलं काहीच मोल्डिंगच्या हिशोबात तोटा म्हणून दिसत नव्हतं. साचे वेळेत झाले, रिजेक्शन मर्यादेत, फोरमनला शाबासकी. पिना न बदलल्याने वाचलेला पैसा मोल्डिंगच्या खात्यात जमा होत होता आणि त्याची वसुली फेटलिंगवाल्यांच्या बोटांतून होत होती. सगळ्या प्रकरणातली ही जागा मला सर्वात महत्त्वाची वाटते.

काय केलं

आधी पिना आणि बुश बदलले, आणि दर किती साच्यांनंतर ते गेजने तपासायचे हे ठरवलं. कोअर बॉक्स दुरुस्त केला. कोटिंगचा दाटपणा रोज मोजून लिहायला सुरुवात झाली. रायझरची मान बारीक करून खाच ठेवली, की ग्रे आयर्न हातोड्याच्या एका फटक्यात खाचेवर तुटतं आणि घासायचा बुंधा लहान राहतो. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घडतो तो नमुना, गिऱ्हाइकाचा असल्याने या बदलाची मंजुरी यायला काही महिने गेले.

नव्या हत्यारांची निवड कामगारांकडून करून घेतली. प्रत्येक नमुना आठवडाभर रोजच्या मालावर चालवून पाहिला, शोरूमच्या लोखंडी पट्टीवर नाही. इथे एक फसगत टळली. 'कमी कंपनाचा' म्हणून आलेल्या एका ग्राइंडरचा आकडा ८ ऐवजी ६.५ होता. पण तो मंद होता, जिथे सहा मिनिटं लागत तिथे नऊ लागली. जुन्याचे एका नगाला १२.८ पॉइंट, या नव्याचे १२.७. महाग हत्यार घेऊन हाताला काहीच मिळालं नसतं. तेव्हापासून तुलना माहितीपत्रकातल्या आकड्यावर न करता एका नगामागे किती पॉइंट पडतात यावर केली. शेवटी निवडलेला ग्राइंडर ५ चा आणि जवळपास जुन्याइतकाच जलद होता. नगामागे साडेपाच पॉइंट.

हॅमर मुठीला स्प्रिंग असलेले घेतले, छिन्नीवर रबरी आवरण चढवलं, हवा बाहेर पडायची दिशा हातापासून वळवली. छिन्न्यांना धार लावायला एक माणूस नेमला. बोथट छिन्नीला दाबावं लागतं, आणि दाबणारा हात हादरा पितो. हॅमरचे झिजलेले बुश, लाइनमधला हवेचा दाब, ग्राइंडरच्या चाकाची फ्लँज हे मेंटेनन्सच्या वहीत आलं. स्वस्त, तोल नसलेली चाकं बंद केली. खरेदी विभागाने यावर सगळ्यात जास्त कुरकुर केली.

पैशांचा प्रश्न शेवटी घेतला गेला. नगावरचा वैयक्तिक दर जाऊन पाळीचा ठरावीक पगार आणि गटाच्या टनेजवर इन्सेंटिव्ह आला. त्यानंतरच हॅमरची अदलाबदल जमली. ठेकेदाराने दोन महिने विरोध केला, मग बिलिंगची पद्धत बदलून घेतली आणि गप्प बसला.

ग्राइंडर सुटलेल्या कामगाराच्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला तपासणी विभागात बसवलं. इन्सेंटिव्ह गेल्याने घरी येणारी रक्कम कमी झाली, तेव्हा त्याने परत ग्राइंडर मागितला. "घरचा हप्ता हाताला इचारून येत न्हाई," हे त्याचं म्हणणं. कंपनीने मागच्या वर्षीच्या सरासरीइतकी भरपाई चालू केली, पण ती अर्ज-विनंत्यांनंतर.

निष्पत्ती

साधारण वर्षभराने कंपनमापक आणून आयएसओ ५३४९ प्रमाणे मोजलं. नवा हॅमर प्रत्यक्षात १२ निघाला, माहितीपत्रकापेक्षा जास्त. असा फरक नेहमी पडतो. ट्रिगरचा वेळ दीड तासावरून चाळीस मिनिटांवर आला होता, म्हणजे १९२ पॉइंट. ग्राइंडर ५, अडीच तास, १२५ पॉइंट. एकूण ३१७, सरासरी ४.५ च्या आत. मर्यादेच्या खाली, पण कारवाईच्या पायरीच्या बरंच वर. म्हणून हातांची वार्षिक तपासणी चालू ठेवावी लागते.

घटीतला मोठा वाटा कशाचा, हे मुद्दाम वेगळं काढलं. जुनाच हॅमर ठेवून नुसता चाळीस मिनिटं चालवला असता तर ९७२ चे ४३२ झाले असते. नवा हॅमर पूर्वीइतकाच दीड तास चालवला असता तर तेही ४३२. दोन्ही सारखेच, फक्त पिना आणि बुश यांचा खर्च हॅमरच्या खरेदीपुढे किरकोळ होता.

हातांचं म्हणाल तर निकाल संमिश्र आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तरुणांच्या मुंग्या कमी झाल्या. शस्त्रक्रिया झालेल्याला रात्रीची झोप मिळते, बटण मात्र अजून लागत नाही. मज्जातंतूंचं जुनं नुकसान भरून येण्याची आशा डॉक्टरांनी दिलेलीच नाही. तंबाखू आणि बिडी सोडायला सगळ्यांनाच सांगितलं, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात. ऐकलं फार थोड्यांनी.

निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहताना

मोजे आधी आणि मोजमाप नंतर, हा क्रम महागात पडला. मोजे आल्यावर 'उपाय झाला' ही भावना पसरली आणि पॅटर्नच्या दुरुस्तीला पुढचा हिवाळा उजाडला.

हात खराब निघून काम बदललं तरी पगार कमी होणार नाही, ही हमी पहिल्या तपासणीच्या आधीच जाहीर करायला हवी होती. ती उशिरा आल्याने दोघांनी दुसऱ्या वेळीही त्रास लपवला, आणि त्यांतला एक ठेकेदाराचा माणूस काम सोडून दुसऱ्या फाउंड्रीत गेला. तिथे तो पुन्हा हॅमरच चालवत असणार. त्याच्या हाताची नोंद इथल्या फाइलमध्ये राहिली. आता तपासणीचं कार्ड हिंदीत छापून कामगाराच्याच हातात देतात. नव्याने येणाऱ्याचे हात कामावर घेण्याआधी तपासून नोंद ठेवतात. हे आधीपासून असतं तर कोणाचं नुकसान इथलं आणि कोणाचं आधीचं, यावर ठेकेदाराशी झालेला वाद टळला असता.

गिऱ्हाइकाला उशिरा बोलावलं, हेही खटकतं. रायझरची मान बदलायला त्यांचा विरोध नव्हताच, फक्त अर्ज योग्य टेबलावर जायला वेळ लागला. फेटलिंगचे मिनिटवार तक्ते पहिल्याच पत्राला जोडले असते तर त्यांच्या डिझाइनवाल्यांना मुद्दा लगेच दिसला असता.

आता शिकाऊ मुलांचा तक्ता दर महिन्याला निघतो आणि तो फेटलिंगच्या नव्हे, मोल्डिंगच्या फोरमनच्या टेबलावर जातो. पंपाच्या केसिंगचा प्रश्न सुटलेला नाही. तिच्या आतल्या वळणदार वाटेत वाळू अजून चिकटते आणि हॅमरच्या चाळीस मिनिटांपैकी पंचवीस तिथेच जातात. तिच्या कोअरसाठी वेगळं कोटिंग लावून चाचणी चालू आहे.